सशाचा ‘पूर्ण संच’: गोव्यातल्या घरात तो कितपत उपयोगी पडतो?

ससा पाळायचे ठरवून पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलेल्या नवख्या ग्राहकापुढे दुकानदार बहुधा एक मोठे खोके आणून ठेवतो. घडीचा तारेचा पिंजरा, उलटी टांगायची पाण्याची बाटली, रंगीत खाद्याची पिशवी, लाकडाचा भुसा, चाटायला खनिजाचा खडा, पट्टा व दोरी आणि चार पानांची मार्गदर्शिका एवढ्या वस्तू त्यात असतात, आणि एवढे घेतले की सशासाठी आणखी काही लागत नाही, असे सांगितले जाते. फोंड्याच्या बाजारातल्या एका दुकानातून असाच एक संच आम्ही साडेतीन हजार रुपयांना घेतला. ससा मात्र दुकानातला नव्हता. डिचोलीच्या एका परिचितांकडे झालेल्या पिल्लांपैकी ती एक पांढरी मादी, आईजवळ पुरते दोन महिने राहिलेली. भाचीने तिचे नाव ‘पिठी’ ठेवले. एक उन्हाळा आणि एक पावसाळा या वस्तू वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ससा ठेवण्याची सोय या संचात आहे, त्याला नव्या घरात रुळवण्याची नाही. नव्या जागी आलेल्या सशाचे पहिले दोन आठवडे सुके गवत, लपायची जागा आणि पायांखालची मोकळी जमीन या तीन गोष्टींवर निभतात, आणि त्यांतली एकही या खोक्यात नाही.

पिंजऱ्यापासून सुरुवात करते, कारण किमतीतला मोठा वाटा त्याचाच आहे. तो दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला ही जागा ऐसपैस दिसते. पण सहा महिन्यांत तेच पिल्लू एवढे वाढते की मागच्या पायांवर उभे राहिले तर कान छताला टेकतात आणि लांब पसरले तर नाक एका जाळीला, पाय दुसऱ्या जाळीला लागतात. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था सशांच्या जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सुचवते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा म्हणजे एक खोलीच झाली, हे खरे. परंतु एखाद्या खोलीतला तेवढा भाग दिवसाचा बहुतेक वेळ त्याला वावरायला मोकळा ठेवला तरी काम भागते. पिंजऱ्याच्या आकारापेक्षाही वाईट म्हणजे त्याचा तळ. लेंड्या खालच्या तबकात पडाव्यात म्हणून तो तारेच्या जाळीचा केला आहे. कुत्र्यामांजरांच्या तळव्यांना असते तशी गादी सशाच्या पायांना नसते, केवळ दाट केसांचा थर असतो. तारेवर बसून बसून तो थर विरळ होतो, कातडी लाल पडते आणि पुढे तिथे जखम होते. ती चिघळली तर बरी व्हायला महिनेच्या महिने जातात. साफसफाई माणसाला सोपी जावी म्हणून सशाच्या पायांशी केलेला हा व्यवहार मला मान्य नाही.

कारागिरीबद्दलही बोलले पाहिजे. दाराच्या खालच्या कडेला तारेची कापलेली टोके तशीच सोडलेली होती; त्यावरून बोट फिरवले की पांढरा ओरखडा उठत असे, आणि नेमक्या त्याच कडेवरून सशाला पोट घासत आत-बाहेर करावे लागते. आम्ही ती टोके कानशीने घासून घेतली, जाळीचा तळ काढून टाकला, प्लॅस्टिकच्या तबकात गोणपाट आणि त्यावर जुनी सुती चादर घातली आणि दार कायमचे उघडे बांधून ठेवले. अशा रीतीने हा पिंजरा आता ‘घर’ म्हणून नव्हे, तर जेवणाची आणि शौचाची जागा म्हणून वापरात आहे, आणि तेवढ्यापुरता तो ठीक आहे. पहिल्या पावसाळ्यातच जोडांवर गंज धरला, हे आपल्या खाऱ्या, दमट हवेत अपेक्षितच होते. पण गंजलेली आणि पोपडे निघणारी तार ससा कुरतडतो, म्हणून ती वेळोवेळी तपासावी लागते.

या पिंजऱ्याभोवती आम्ही त्याच दुकानातून घेतलेले, कुत्र्याच्या पिल्लांसाठीचे आठ पाखांचे घडीचे कुंपण उभे केले, आणि संपूर्ण खरेदीत पैसे वसूल झाले असतील तर ते या वस्तूचे. ते तीन फूट उंच आहे, त्यामुळे ससा सहसा उडी मारून बाहेर जात नाही; हवे तसे वळवता येते, आणि पाहुणे आले की घडी करून दारामागे ठेवता येते. एकच उणीव अशी की त्याच्या सळ्यांमधल्या फटी पिल्लू सशासाठी मोठ्या आहेत. जिथून डोके जाते तिथून बाकीचा ससा जातो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे खालच्या हातभर उंचीला बारीक जाळी बांधून घ्यावी. खाली गुळगुळीत लादी असेल तर चटई किंवा सतरंजी हवीच. सशाचे पाय लादीवर घसरतात, आणि घसरणारा ससा खोलीच्या मध्यभागी यायला तयारच होत नाही.

पाण्याच्या बाटलीविषयी थोडक्यात. तोटीतल्या गोळीला जीभ लावून थेंब थेंब पाणी घेण्यापेक्षा ससे उघड्या भांड्यातून अधिक पाणी पितात, आणि पचनासाठी व मूत्रमार्गासाठी त्यांनी भरपूर पाणी पिणे आवश्यक असते. दोन किलो वजनाच्या सशाला दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. बाजारात मिळणारा मातीचा जड, पसरट परळ या बाटलीपेक्षा सरस ठरतो. तो सहज कलंडत नाही आणि त्यातले पाणी गार राहते. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आपला आपण करावा लागतो.

खाद्याची पिशवी हा या संचातला सर्वांत आक्षेपार्ह भाग आहे. मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, वाळवलेल्या फळांचे तुकडे आणि रंगीत कुरकुरीत गोळ्या यांचे ते मिश्रण आहे; पिशवीवर गाजर धरलेल्या हसऱ्या सशाचे चित्र आहे. असे मिश्रण समोर आले की ससा गोड आणि पिठूळ तेवढे वेचून खातो आणि तंतुमय भाग तसाच टाकतो. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. ते झिजतात ते लांब धाग्याचे गवत तासन्‌तास चघळल्यामुळे. त्याच्या आतड्याचे चलनवलनही याच तंतूंवर चालते. म्हणून सशाच्या आहारात साधारण चार पंचमांश वाटा सुक्या किंवा ओल्या गवताचा असावा, ते दिवसरात्र त्याच्यासमोर असावे. त्याच्या जोडीला मूठभर पालेभाजी आणि मोठ्या सशासाठी दर किलो वजनामागे सुमारे २५ ग्रॅम साध्या एकरंगी पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गवताच्या खाद्यगोळ्या, एवढे पुरते. गाजर हा खाऊ आहे, एखादा पातळ काप पुष्कळ झाला. असे असताना ‘पूर्ण’ म्हणवणाऱ्या संचात गवताची एक काडीही नसावी, याला काय म्हणावे?

टिमोथी जातीचे सुके गवत दुकानात वेगळे मिळते. ते महाग आहे, परंतु पर्याय म्हणून भाताचा पेंढा दाखवला तर तो नाकारावा. बिछान्याला तो चालतो, पोषणाला नाही. लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम जास्त असल्याने सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तो चालतो, मोठ्या सशाला रोज देऊ नये. आपल्या परसात उगवणारी हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, सशाला उत्तम. फक्त ती रस्त्याकडेची, फवारणी झालेली किंवा कुत्र्यांच्या वावरातली नसावी. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला हेही चालते. तांबडी भाजी (लाल माठ) आणि पालक यांत ऑक्झलेट या अपायकारक क्षाराचे प्रमाण जास्त असल्याने ती अधूनमधून आणि थोडीच द्यावी. कांदा, लसूण आणि बटाटा कधीही देऊ नये. प्रत्येक नवी भाजी एकेक करून चिमूटभर द्यावी आणि दुसऱ्या दिवशीच्या लेंड्या पाहून पुढे जावे.

नव्या घरात आल्या आल्या आहार बदलणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट आहे, आणि संच विकत घेणारा प्रत्येक जण नेमके तेच करतो, कारण नवी पिशवी हातात असते. प्रवास, अनोळखी वास आणि आईपासून ताटातूट यांनी आधीच बिथरलेल्या पिल्लाच्या पोटावर नव्या खाद्याचा भार टाकू नये. जिथून ससा आणला तिथे तो जे खात होता, त्याची आठवडाभर पुरेल एवढी पिशवी मागून आणावी आणि पुढचे सात ते दहा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे. सशाला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे थांबले तर आत वायू साठतो आणि प्राणी झपाट्याने खालावतो. बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. उलटपक्षी, काही गोष्टींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पहाटे दिसणाऱ्या मऊ, चकाकत्या, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या म्हणजे जुलाब नव्हेत. ससा त्या पुन्हा खातो आणि त्यातली जीवनसत्त्वे मिळवतो. लघवीचा रंग एखाद्या दिवशी तांबूस झाला तरी बहुधा ते वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे असते.

गवत पावसाळ्यात टिकवणे हा गोव्यातला स्वतंत्र विषय आहे. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली गवताची पिशवी जुलैत आठवडाभरातच ओलसर लागू लागते, आणि बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. गवत सुती पिशवीत भरून, फळीवर, भिंतीपासून दूर आणि शक्यतो फ्रिजच्या किंवा इन्व्हर्टरच्या उबेजवळ ठेवावे. ओल धरलेले गवत हवाबंद डब्यात कोंबले तर ते आणखी लवकर नासते. कुबट वास आला की ते माडाच्या मुळाशी टाकावे, पैशांचा विचार करू नये.

संचातला भुसा हा गिरणीतला बारीक भुसा निघाला. त्याची धूळ सशाच्या नाकात जाते. त्याऐवजी वर्तमानपत्र आणि त्यावर गवत घालून तबक कोपऱ्यात ठेवले की ससा बहुधा आपणहून तिथेच शौचाला जाऊ लागतो, कारण त्याला गवत खाता खाता बसायची सवय असते. त्याने दुसराच कोपरा निवडला तर हट्ट न धरता तबक तिकडे न्यावे. खनिजाचा खडा अनावश्यक आहे. पट्टा आणि दोरी सरळ परत करावी, कारण घाबरून उसळलेल्या सशाच्या पाठीच्या कण्याला त्याने इजा होऊ शकते.

आता लपायच्या जागेविषयी, जी विकत घ्यावीच लागत नाही. साबणाचे किंवा बिस्किटांचे पुठ्ठ्याचे खोके उपडे घालून त्याला समोरासमोर दोन दारे कापली की झाले. एकच दार ठेवले तर आत शिरलेल्या सशाला आपण कोंडले गेलो असे वाटते. पिठी पहिले दोन दिवस त्या खोक्यात बसून होती, आणि आम्ही कोणीही तिला बाहेर काढले नाही. निसर्गात ससा हा कोणाचे तरी भक्ष्य असतो, त्यामुळे वरून येणारा हात त्याला घार वाटतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसते, पण नाकाखालचे दिसत नाही. म्हणून नाकासमोर अचानक बोट नेले की तो दचकतो. जमिनीवर मांडी घालून, आपले काहीतरी वाचत, त्याच्याकडे टक न लावता बसावे. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असतात, तेव्हा ही बैठक संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास ठेवली तर उपयोगी पडते. काही दिवसांनी तो येऊन पायाचा अंगठा हुंगतो, मग हनुवटी घासतो; तिथल्या ग्रंथींच्या वासाने तो ती वस्तू आपली म्हणून नोंदवत असतो. मागचा पाय जोरात आपटला तर तो इशारा समजावा. दात हलकेच कुरकुरले तर समाधान, मोठ्याने करकरले तर वेदना. एके दिवशी तो धपकन कुशीवर कलंडतो आणि नवखा मालक हादरतो. खरे तर तोच तो रुळल्याचा दाखला असतो.

मार्गदर्शिकेत यातले काहीही नाही. तिच्यात आठवड्यातून एकदा शाम्पूने आंघोळ घालावी, असे लिहिले आहे, जे सर्वस्वी चुकीचे आहे. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. पाण्यात बुडवल्याने त्याचे अंग गारठते, आणि धक्क्याने तो दगावूही शकतो. ढुंगणाकडचा भाग घाण झाला तर तेवढाच ओल्या कपड्याने पुसावा, आणि पावसाळ्यात तो रोज पाहावा, कारण तिथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या काही तासांत कातडीत शिरतात. मार्गदर्शिकेतल्या एका चित्रात मुलगी सशाला उताणा धरून त्याचे पोट कुरवाळते आहे. त्या स्थितीत ससा निपचित पडतो ते भीतीने, आनंदाने नव्हे. उचलायचेच तर एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली घेऊन अंगाशी धरावे. कान धरून कधीही नाही. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच सशाशी खेळावे, हा नियम आम्ही भाचीला घातला आणि तिने तो आमच्यापेक्षा काटेकोरपणे पाळला.

औषधांबाबतचे मार्गदर्शिकेचे मौन त्याहून गंभीर आहे. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलचे थेंब सशाला घातक असतात, आणि अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात. म्हणून ससा घरी येण्यापूर्वीच, सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून ठेवावा. मादीची नसबंदी चार ते सहा महिन्यांच्या वयात करता येते का, हेही त्याच भेटीत विचारावे. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो. सशाला सोबत लागते, त्यामुळे पुढेमागे जोडी करण्याचा विचार योग्यच आहे. पण दुकानातल्या पिल्लाचे लिंग सांगितले ते खरेच असेल असे नाही, आणि गर्भकाळ अवघा महिन्याचा असतो.

घराची तयारी संचात बसणारी नव्हे, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. जमिनीलगतच्या सगळ्या वायरी पीव्हीसीच्या नळीत घालाव्यात. चार्जरची वायर ससा एका दमात तोडतो. मनी प्लांट, कण्हेर आणि घाणेरी यांच्या फांद्या त्याच्या तोंडाला लागतील अशा ठेवू नयेत. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या उघड्या ओसरीत, कितीही गार वाटले तरी ससा तिथे एकटा सोडू नये. भटकी कुत्री, मांजरे, मुंगूस आणि साप यांना तारेच्या कुंपणाचे भय नसते. मे महिन्यात पणजीचे कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असते आणि सशाला २८ अंशांपुढेच त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती कानांवाटे. घरातली खालची, पश्चिमेचे ऊन न येणारी खोली, बसायला एक सुटी लादी, आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली यांनी आमचा उन्हाळा निभावला. नरकासुराच्या रात्रीचे संगीत आणि फटाके यांचा विचार करून दिवाळीच्या तोंडावर तरी नवा ससा घरी आणू नये. चवथीच्या पाहुण्यांच्या गर्दीतही नाही. आणि सड्यावर सापडलेले रानसशाचे पिल्लू तर मुळीच उचलून आणू नये: तो वेगळा प्राणी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

दुकानाच्या बाजूने सांगायचे तर दुकानदार सौजन्याने वागला, आणि न वापरलेली दोरी व खनिजाचा खडा परत घेऊन त्याने तेवढ्या किमतीच्या पेलेट दिल्या. मात्र २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र दिसेल असे लावायचे असते. ते मला तिथे दिसले नाही, आणि जिवंत प्राणी घ्यायचा असेल त्याने ते आधी मागावे. आमच्यासारखी केवळ सामानाची खरेदी असेल तर संच न घेता कुंपण, एक रुंद तबक, साध्या पेलेट आणि दोन किलो टिमोथी गवत एवढेच सुटे घ्यावे. किंमत जवळपास तेवढीच होते. गवताचा साठा दुकानात नेहमी नसतो, पावसाळ्यात तर पुरवठा अनियमित होतो, तेव्हा मागणी आधीच नोंदवून माल मेअखेरीस उचलावा, आणि घेताना पिशवीचे तोंड उघडून वास पाहावा. दुकानदार त्याला हरकत घेत नाही.